पहिल्या गिअरची गाडी

‘काका, हिमालयन घेऊ की एक्सपल्स?’ असं विचारत येणाऱ्या पोरांना मी आधी उलटा प्रश्न टाकतो: रानात एकटा असताना गाडी आडवी झाली, तर उचलशील का? पोरं हसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर स्पीतीचा रस्ता असतो आणि मागे उडणारा धुळीचा लोट. वेल्ह्याकडच्या भातखाचरांमधून जाणाऱ्या गाडीवाटेवर जुलै महिन्यात काटा पंधरा-वीसच्या वर चढत नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

म्हणून ट्रेलची मोटरसायकल मी जवळजवळ उभी असताना जोखतो. या खेळात जे काही बिनसायचं ते पहिल्या गिअरमध्ये बिनसतं, माणूस चालेल त्या वेगात. ओढ्यातल्या शेवाळलेल्या गोट्यावर पुढचं चाक सटकतं, चढावर इंजिन मान टाकतं, पाय टेकवायला जावं तर खाली जमीनच नसते. तिथे वजन, उंची आणि इंजिनाचा खालच्या फेऱ्यांतला दम एवढंच उपयोगी पडतं. बाकीचं सगळं हायवेसाठी.

वजनाचे आकडे समोरासमोर ठेवले की बरंच कळतं. हिमालयन ४५० भरते १९६ किलो. एक्सपल्स २०० दीडशेच्या आसपास आणि कावासाकीची केएलएक्स २३० सुमारे १३९. कागदावर हा फरक साधारण सिमेंटच्या एका पोत्याएवढाच. पण सकाळपासून पाचव्यांदा गाडी उचलताना तो थेट कमरेला विचारा. उचलायचीही रीत असते. हँडल पूर्ण वळवायचं, गाडी गिअरमध्ये ठेवायची म्हणजे ती घरंगळत नाही, पाठ सीटला लावायची आणि जोर मांड्यांचा घ्यायचा. उतारावर चाकं वरच्या अंगाला पडली असतील, तर आधी गाडी जमिनीवरच फिरवून चाकं खाली आणायची, नाहीतर डोंगराशी कुस्ती होते. शोरूमवाला नवी गाडी आडवी करू देणार नाही, हे उघड आहे. मित्राची मागा, गवतावर निजवा आणि लागोपाठ तीनदा उचलून बघा. तिसऱ्या वेळी हात थरथरले तर ती गाडी तुमची नव्हे, मग ती कितीही देखणी असो.

उंचीचं गणित जास्त अवघड आहे, कारण त्यात दोन्हीकडून ओढाताण आहे. खडकावरून चाक सहज वर यावं तर सस्पेन्शनला लांब खेळ लागतो, आणि खेळ वाढला की सीट वर जाते. २०२३ मध्ये आलेल्या एक्सपल्स २०० ४व्ही प्रोला पुढे २५० मिलिमीटर खेळ आहे, पोट जमिनीपासून २७० मिलिमीटर वर आहे, आणि सीट ८९१ मिलिमीटरवर. साडेपाच फुटी माणसाची त्यावर बोटंच टेकतात. साधी एक्सपल्स २०१९ मध्ये आली तेव्हा तिची सीट होती ८२३. दोन्ही पाय सपाट टेकायलाच हवेत असं मी म्हणत नाही. एक पाय भक्कम टेकला आणि कंबर बाजूला सरकवायची सवय असली, की भागतं. पण आपली वाट क्वचितच सपाट असते. बैलगाडीच्या चाकोरीत गाडी उतरली की जमीन बाजूला वर असते, आणि उतरणीला लागली की एकीकडे नुसती हवा. बुटक्या माणसाने सस्पेन्शनची लिंक बदलून गाडी खाली बसवावी, असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही. पोट खाली आलं की दगड लागतो, मग पोटाखालची प्लेट वाजते आणि माणूस घाबरून वाटेतच थांबतो. त्यापेक्षा सीट कुशनवाल्याकडे न्या आणि दीड बोट फोम काढून घ्या. दोन-अडीचशे किलोमीटर बसायचं नसेल, तर बुडाला काही होत नाही.

आता इंजिन. जुनी हिमालयन ४११ रस्त्यावर फार आळशी वाटायची. पण तिचा ३२ न्यूटन-मीटर टॉर्क चार-साडेचार हजार फेऱ्यांतच मिळायचा, आणि मुरमाच्या चढावर ती ट्रॅक्टरसारखी धुगधुगत वर यायची. नव्या ४५० मध्ये ४० न्यूटन-मीटर आहे, तोही साडेपाच हजारांवर. रस्त्यासाठी ती कितीतरी उजवी, पण डोंगराच्या अंगावर क्लचशी जास्त बोलावं लागतं. एक्सपल्सचा टॉर्क मुळातच कमी. तिच्या मालकांचा उपाय ठरलेला: पुढचं स्प्रॉकेट एका दाताने लहान. तेराच्या जागी बारा दात आले की गिअरिंग आठ टक्क्यांच्या आसपास आखूड होतं. हायवेवर गाडी ओरडते, रानात शहाण्यासारखी वागते. टेस्ट राइडला गेलात तर डांबरावर पळवण्यात वेळ घालवू नका. पार्किंगमध्ये हँडल पूर्ण वळवून, ब्रेक न लावता, पायी चालल्याच्या वेगात दोन गोल मारा. मग फूटपेगवर उभे राहा. हँडल हाताला येतं की तुम्ही त्याच्यावर ओणवे होता? टाकी गुडघ्यांत मावते का? शोरूमचा पोरगा चक्रावून बघेल, बघू द्या.

आपल्या मातीचेही काही हट्ट आहेत. पुढचं मडगार्ड चाकाला चिकटून असेल तर काळी माती त्यात ठासून बसते आणि चाक फिरेनासं होतं. मडगार्ड उंच, चोचीसारखं असावं ते म्हणूनच, रुबाबासाठी नव्हे. कोकणातला जांभा ओला झाला की साबण होतो, तिथे एकवीस इंची पुढचं चाक आणि खोल गोट्यांचं टायर पैसे वसूल करतं. अशा तारांच्या चाकांत बहुधा ट्यूब असते, आणि एकवीस इंची ट्यूब हायवेच्या पंक्चरवाल्याकडे मिळेलच असं नाही. ती पाठीवर न्यायची. अडचणीत मागच्या अठरा इंची चाकातही तीच दडपून घरी येता येतं. एबीएस बंद करायची सोयही बघा. सुट्ट्या मातीच्या उतारावर मागचं चाक थोडं घासत नेता आलं, तर वळण नीट घेता येतं.

पंधरा वर्षांपूर्वी अशा गाड्यांत निवडायला फारसं काही नव्हतं. पुण्या-नाशिककडे डर्ट ट्रॅकवर पळायच्या त्या येझदी आणि आरएक्स हंड्रेड, मिस्त्रीने कापून-जोडून घडवलेल्या. २०११ मध्ये हिरोची इम्पल्स आली, पण तेव्हा लोकांना ती बाजारहाटाला महाग आणि शर्यतीला अपुरी वाटली. मग २०१९ मध्ये एक्सपल्स लाखाच्या आत, ९७ हजारांना आली आणि रविवारच्या रानातली गर्दी बदलून गेली. पोरं आली, बँकेतले साहेब आले, दोन-चार मुलीही आल्या. आज चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ३९० एन्ड्युरो आरसुद्धा निघते. नंबरप्लेट मिळत नाही अशा शुद्ध शर्यतीच्या गाड्याही विकत मिळतात, वजनाला पिसासारख्या हलक्या. पण त्या पिकअपमध्ये घालून वाटेच्या तोंडाशी न्याव्या लागतात, आणि पिकअपचं भाडं धरलं की हौस दुप्पट महाग होते.

सायलेन्सर मात्र कंपनीचाच राहू द्या, हे मी हट्टाने सांगतो. पाणंद शेतकऱ्यांची असते, आपण तिथले पाहुणे. मोठ्या आवाजाने गुरं बुजली, की पुढच्या रविवारी त्याच वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या दिसतात, आणि त्या टाकणाऱ्याचं काहीएक चुकत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर जायचंच नाही. सड्यांवरही चाकं घालू नयेत. कासच्या पठारासारख्या सड्यावर मातीचा थर बोटभर असतो, आणि त्यावरची फुलं वर्षातून एकदाच येतात.

माझं मत विचाराल तर, शनिवारी रात्री ठरवून रविवारी दुपारी घरी जेवायला परतणाऱ्या माणसाला दीडशे किलोची दोनशे सीसी पुरते. उरलेले पैसे बुटांवर आणि गुडघ्यांच्या गार्डवर घालावेत. वर्षातून एकदा लडाख आणि बाकी वेळ ऑफिस, असं असेल तर हिमालयन घ्या आणि ओढ्यात उतरताना सोबत माणूस ठेवा. सहा फुटी, बारीक माणसाने केएलएक्स बघावी.

आणि गाडी घरी आली, नारळ फुटला, हार घालून झाला, की त्याच संध्याकाळी पाना घेऊन बसा. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचे क्लॅम्प किंचित सैल करा, हाताने जोर लावला तर फिरतील इतके, आणि दोन्ही लिव्हर थोडे खाली झुकवा. उभं राहून चालवताना मनगट सरळ राहतं, आणि गाडी पडली तर लिव्हर मोडत नाही, नुसता वळतो. मोडलाच तर भोरच्या पलीकडे रविवारी सुटा भाग मिळायचा नाही. क्लचशिवाय गिअर टाकत घरी येता येतं म्हणा, फक्त वाटेत चढावर कुठे थांबायचं नाही.