गव्हावर गहू

"उद्या वारा नैर्ऋत्येचा. जाताना तोंडावर, येताना पाठीवर," असा निरोप आमच्या सायकल क्लबच्या म्होरक्याने शनिवारी दिला. त्याच संध्याकाळी गावाहून धाकट्या भावाचा फोन आला. "दादा, अण्णांच्या गिरणीला गिऱ्हाईक आलंय. जागेसकट देऊन टाकू का?"

"तुला योग्य वाटेल ते कर," असं म्हणून मी चाकात हवा भरायला गेलो.

आता सायकल क्लबबद्दल. चाळिशीनंतर डॉक्टरांनी डोळे वटारले म्हणून मी मिल्टन कीन्समधल्या या मंडळींत शिरलो. बाराजणांत मराठी माणूस मी एकटाच. पुढच्याला खड्डा दिसला की तो "होल!" म्हणून ओरडतो आणि ती आरोळी शेवटच्या सायकलीपर्यंत पोचते. आपल्याकडे ही पद्धत असती तर ओरडूनच घसा बसला असता!

जाऊन-येऊन चाळीसेक मैलांचा पल्ला होता. लेटन बझर्ड मागे पडलं आणि गव्हाच्या शेतांमधल्या अरुंद रस्त्यांना लागलो. लेडबर्नजवळ रेल्वेचा एक साधासा पूल लागतो. ८ ऑगस्ट १९६३ च्या पहाटे टपालगाडी लुटणाऱ्यांनी सव्वीस लाख पौंडांच्या थैल्या इथेच उतरवल्या. पुढे मेंटमोरचा चढ, मग चेडिंग्टन. वारा ठरल्याप्रमाणे तोंडावर. मी सर्वांत मागे, सौ.ने दिलेली थालीपिठं पाठीवर.

आयव्हिंगो गावाच्या पुढे, शेताच्या मधोमध, ती दिसली. पिटस्टोनची पवनचक्की. तिच्यातल्या एका लाकडावर १६२७ साल कोरलेलं आहे, म्हणजे शिवजन्माच्याही तीन वर्षं आधीचं! ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या पवनचक्क्यांत तिची गणना होते. खाली विटांची गोल खोली, वर लाकडी घर आणि त्याला चार पाती. हे आख्खं घर, आतल्या दगडांसकट, एका उभ्या खांबावर तोललेलं आहे. वारा बदलला की मागचा लांब दांडा रेटून सबंध गिरणीच वाऱ्याकडे वळवायची. माझ्यातला इंजिनिअर खूश झाला.

दार उघडणारे आजोबा स्वयंसेवक होते. ते म्हणाले, "पाठीवरचा वारा तुम्हा सायकलवाल्यांना आवडतो. अशा गिरणीला मात्र तोच धोक्याचा. ती समोरचा वारा सोसायला बांधलेली असते."

१९०२ च्या वादळात ही गिरणी इतकी मोडली की दुरुस्ती परवडेना. शेजारच्या एका शेतकऱ्याने ती विकत घेतली आणि १९३७ मध्ये नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. १९६३ मध्ये, म्हणजे तिकडे गाडी लुटली गेली त्याच वर्षी, काही हौशी मंडळी पदरमोड करून दुरुस्तीला लागली. १९७० मध्ये, अडुसष्ट वर्षांनी, इथे पुन्हा धान्य दळलं गेलं. पीठ तर दुकानात मिळतच होतं. तरीही सात वर्षं राबली माणसं.

उभ्या शिडीने वर गेलो. दगडाच्या खाचांवरून बोट फिरवलं आणि एकदम फलटणजवळची आमची गिरणी आठवली. पट्ट्याची फटफट, रांगेतले डबे, बायकांचं "अण्णा, गव्हावर गहू टाका हं, बाजरीवर नको!" पडणारं पीठ अण्णा अंगठा आणि बोटात चोळून बघायचे. भरड लागलं की रात्री दगड उघडून टाकी मारत बसायचे. त्या ठकठकीत मी अभ्यास केला. इथल्या एम.एस.च्या पहिल्या सहामाहीची फीदेखील त्याच पिठातून आली. अण्णा जाऊन दोन वर्षं झाली. घरोघरी घरघंट्या आल्या, गिरणीला कुलूप लागलं. आणि मी भावाला काय सांगितलं? "योग्य वाटेल ते कर."

खाली गवतावर बसून थालीपिठं वाटली. "हे कोणत्या पिठाचं?" एकीने विचारलं. भाजणी समजावून सांगताना माझा आवाज जरा कापरा झाला. सगळ्यांना वाटलं, दमलाय बिचारा.

येताना वारा पाठीवर होता. घरी आलो आणि हेल्मेटही न काढता फोन लावला.

"जागा दे. तुलाही मुलांच्या शिक्षणाला पैसे लागणार. पण दगड देऊ नकोस. आणि अण्णांची टाकी आहे का रे?"

पलीकडे बराच वेळ शांतता. मग भाऊ म्हणाला, "दादा, मी तूच हे म्हणशील म्हणून थांबलो होतो. पण दगड विमानात कसे नेणार?"

दगड आता गावच्या घरी तुळशीशेजारी आहेत. टाकी मात्र माझ्या बॅगेतून इथे आली. कस्टमवाल्याने विचारलं, "हे काय?" म्हटलं, "वडिलांचं हत्यार." त्याने एकदा टाकीकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जाऊ दिलं.

मंडळी, उन्हाळ्यात ठराविक दिवशी पिटस्टोनची गिरणी बघायला मिळते. आधी चौकशी करा आणि मुलांना घेऊन जा. सायकलच हवी असं काही नाही, पण थालीपिठं जरूर न्या.