कापसाचा तंतू

पिरंगुटच्या घाटात आज एवढं धुकं होतं की दिवे लावूनच गाडी चढवली. डोक्यात एकच विचार: आज प्रयोगशाळेतल्या रॅटच्या श्वासनळीत नळी घालायची.

अडीचशे ग्रॅमचा जीव. नळी म्हणून १६ नंबरची कॅन्युला, माणसाच्या हाताला सलाइनसाठी लावतात तीच. आयसोफ्लुरेन या भुलेच्या गॅसने झोपवलं. पंजा चिमटीत दाबला. पाय आखडला नाही. उताणं ठेवून वरचे दात दोऱ्यात अडकवले, जीभ हलकेच बाजूला घेतली, गळ्यावर बाहेरून प्रकाश सोडला. आत स्वरतंतूंची फट उघडमीट करताना दिसली. ती उघडते तेवढ्या क्षणातच आत जायचं, जोर अजिबात नाही. नळीच्या तोंडाशी कापसाचा तंतू धरला. हलला! म्हणजे नळी श्वासनळीतच होती. मी किती वेळ श्वास रोखून होते, ते तेव्हा कळलं.

पूर्वी दुसरीकडे नोकरीला असताना एक रॅट माझ्या हातून गेला. भुलेचा डोस बरोबर होता. खाली गरम चटई ठेवायची राहिली. एवढ्या लहान अंगाची ऊब भुलेत भराभर निघून जाते. तो गार स्पर्श अजून बोटांत आहे.

१९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो, प्रयोगात शक्य तिथे भूल द्या, वेदना होऊ देऊ नका. मला ते वाक्य त्या गार स्पर्शानंतर समजलं.

आज चटई आधी तापवली, डोळ्यांना मलम लावलं. काम संपल्यावर गॅस बंद केला. थोड्या वेळाने मिशा थरथरल्या, तो गिळू लागला. नळी काढली आणि तो चालू लागेपर्यंत पिंजऱ्याशी बसून राहिले.