खाष्ट सासूची कैफियत

ललिता पवार यांच्याविषयी कोणी लिहावयास बसला की त्याची लेखणी प्रथम जाऊन टेकते ती १९४२ सालच्या त्या चपराकीवर. ‘जंग-ए-आझादी’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात प्रसंगाच्या गरजेनुसार मास्टर भगवान यांनी मारावयाची थप्पड अनवधानाने इतक्या जोराने बसली की, बाईंच्या चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली, दीर्घकाळ औषधोपचार करावे लागले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला; नायिकेचे आयुष्य तेथे सरले व खलनायिकेचे सुरू झाले, असा हा वृत्तान्त सांगण्यात येतो. वृत्तान्त खोटा नाही. परंतु एका अपघाताने एक अभिनेत्री घडविली असा जो निष्कर्ष त्यातून काढण्याचा प्रघात पडला आहे, तो मला नेहमीच अन्यायाचा वाटत आला आहे. डोळा बारीक झाल्याने माणूस फार तर तिरपे पाहू लागेल. त्या पाहण्यात दरारा, मत्सर, तुच्छता किंवा माया उतरावयाची असेल तर ती पाहणाऱ्याजवळ आधीपासून शिलकीस असावी लागते.

आणि ती होती. येवल्याच्या व्यापारी घराण्यातील अंबा लक्ष्मण सगुण ही १९१६ साली जन्मलेली मुलगी शाळेच्या वाटेला न जाता मूकपटांत दाखल झाली, तेव्हा तिचे वय बाहुला-बाहुलीची लग्ने लावण्याचे होते. १९३२ सालच्या ‘कैलाश’ या मूकपटाच्या निर्मितीत तिचा वाटा होता. बोलपट आला तेव्हा ती स्वतःच्या गळ्याने गाइली. आणि टॉल्स्टॉयच्या ‘रिसरेक्शन’ या कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ तिने १९३८ साली काढला, तो वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी. ज्या वयात त्या काळची सून सासूच्या कमरेची किल्ली आपल्या कमरेला कधी येईल याची मुकाट्याने वाट पाहत असे, त्या वयात ही बाई चित्रपट काढण्याचा खटाटोप अंगावर घेत होती. एवढे कर्तृत्व एका थपडेच्या खाती कसे जमा करावयाचे?

चपराकीनंतर दोनच वर्षांनी प्रभातचा ‘रामशास्त्री’ आला. गजानन जागीरदारांचा तो निःस्पृह न्यायाधीश आणि त्याच्यासमोर ललिताबाईंची आनंदीबाई, हा सामना ज्यांनी पाहिला त्यांना न्यायासन आणि महत्त्वाकांक्षा यांचे वैर समजावून सांगण्याची गरज उरली नाही. ‘ध’चा ‘मा’ केल्याचा आरोप इतिहासाच्या दफ्तरात आजही निर्विवाद शाबीत झालेला नाही. नारायणरावाच्या खुनाबद्दल रामशास्त्र्यांनी प्रायश्चित्त सांगितले ते राघोबादादांना. पण लोकांनी आपल्या अदालतीत शिक्षा फर्मावली ती बाईला, आणि त्या निकालावर पुढे कोणी अपील केले नाही. या आनंदीबाईपासून १९८७ सालच्या दूरदर्शनवरील ‘रामायणा’तल्या मंथरेपर्यंत ललिताबाईंच्या वाट्याला अशाच स्त्रिया येत राहिल्या. राजाने दिलेला वर राजानेच पाळावयाचा होता, तरी रविवारच्या सकाळी साऱ्या देशाने शिव्या मोजल्या त्या एका वाकलेल्या दासीला.

या शिव्यांचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. आमच्या तालुक्याच्या गावी जत्रेच्या दिवसांत तंबूतला सिनेमा येत असे आणि मधोमध बांधलेल्या दोराच्या पलीकडे बायकांची बैठक असे. ललिता पवार पडद्यावर अवतरल्या की त्या बैठकीतून प्रथम एक सुस्कारा उठे, मग कडाकड बोटे मोडल्याचा आवाज येई, आणि पडद्यावरची सून पहिला अश्रू गाळते न गाळते तोच, “मेलीचं वाटोळं होईल, बघशील तू!” असे कोणीतरी खणखणीत आवाजात बजावी. तो आवाज बहुधा माझ्या चुलत आजीचा असे. गमतीची गोष्ट अशी की, या आजीच्या धाकाने तिच्या स्वतःच्या दोन्ही सुना स्वयंपाकघरात कुजबुजतच बोलत; आणि तंबूत त्या दोघी आजीच्या शेजारी बसून, पडद्यावरच्या सासूला आजीने दिलेल्या शिव्या खाली मान घालून ऐकत, एकमेकींना कोपराने ढोसत, तोंडात पदराचा बोळा कोंबून हसू दाबीत.

लहानपणी मला हा निव्वळ ढोंगीपणा वाटे. आता तसे वाटत नाही. आजीही कधीकाळी कोणाची तरी सून होती. नवव्या वर्षी बोहल्यावर चढून आलेल्या त्या मुलीची फिर्याद ऐकून घेईल असे ठाणे ना माहेरी होते, ना सासरी. आणि पुढे ज्या सासूवर ती दाखल करावयाची ती सासूच निवर्तली, तेव्हा फिर्याद तशीच पोटात राहिली. ती तिने रुजू केली ललिता पवारांवर. शांतारामबापूंच्या ‘दहेज’मधील सासू पाहून १९५० साली किती घरांतल्या किती जुन्या फिर्यादी अशा निकाली निघाल्या असतील, याची मोजदाद कोण करणार? आरोपीच्या पिंजऱ्यात दुसऱ्याच्या वतीने आयुष्यभर उभे राहण्याचे काम या अभिनेत्रीने पत्करले आणि त्याचा मोबदला तिला बोटे मोडून देण्यात आला.

डोळ्याच्या सिद्धान्ताला मात्र बाईंनी स्वतःच सुरुंग लावून ठेवला आहे. १९५५ साली ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये पुरुषजातीवर दात धरलेली, भाचीचा घटस्फोट घडवून आणू पाहणारी श्रीमंत सीतादेवी त्यांनी उभी केली, आणि त्याच साली ‘श्री ४२०’मध्ये मुंबईच्या पदपथावर पोराशी केळ्यांच्या भावावरून घासाघीस करणारी, वरून फटकळ व आतून कनवाळू अशी केळेवालीही. पुढे १९५९ साली ‘सुजाता’तील अस्पृश्य पोरीचा विटाळ मानणारी कर्मठ म्हातारी त्यांचीच, आणि ‘अनाडी’तील मिसेस डिसाही त्यांचीच. ही डिसाबाई भाडे थकविणाऱ्या राज कपूरवर तोंडसुख घेते आणि ते घेता घेताच त्याच्या पुढ्यात ताट सरकवते. रागाचा चढा सूर चालू असतानाच तोच बारीक डोळा मधेच क्षणभर पोराच्या वाळलेल्या चेहऱ्यावर थबकतो आणि पुन्हा कठोर होतो, जणू आपली चोरी कोणी पाहिली तर नाही ना, अशी धास्ती त्याला पडावी. भेसळीच्या औषधाने ती मरते तेव्हा तंबूत बोटे मोडणारे हात डोळ्यांना लागलेले मी पाहिले आहेत. या भूमिकेला फिल्मफेअरचे पारितोषिक मिळाले, ते अर्थात ‘साहाय्यक’ अभिनेत्रीचे. १९६१ साली संगीत नाटक अकादमीनेही त्यांचा गौरव केला. पुढली वर्षे पुष्कळशी त्याच त्या साच्यातली गेली. त्यांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात, औंध येथे, त्या निवर्तल्या.

त्यांची एक भूमिका मात्र विद्वानांनी हसण्यावारी नेली, म्हणून तिची शिफारस केल्यावाचून राहवत नाही. १९६२ सालच्या ‘प्रोफेसर’मध्ये पुतण्यांवर करडी नजर ठेवणारी ही प्रौढा, म्हाताऱ्याचे सोंग घेऊन शिकवणीस आलेल्या शम्मी कपूरवर अनुरक्त होते. प्रेक्षागृहात हशा पिकतो, आणि तो पिकावा अशीच दिग्दर्शकाची योजना आहे. पण बाईंनी त्या स्त्रीला थट्टेच्या स्वाधीन केलेले नाही. इतक्या वर्षांत जिची कोणी आस्थेने विचारपूस केली नाही तिला ती आज लाभते आहे, या जाणिवेने तिचा करडा स्वर जसजसा अडखळू लागतो, तसतसे शम्मी कपूरच्या खोट्या दाढीकडे माझे लक्षच राहत नाही.