मुक्कामाचे भाडे

सरकारी क्वार्टरमध्ये संसार केलेल्या माणसास भाडे जाणवत नाही. ते पगारातून परस्पर कापले जाते. बदलीचा हुकूम निघाला, की मात्र त्याच घरातला आपला मुक्काम दिवसादिवसाने मोजला जाऊ लागतो. प्रथम काही काळ नेहमीच्या दराने, पुढे घरात आजारपण असल्यास परवानगीने दुप्पट दराने, आणि त्यानंतर जे द्यावे लागते त्यास सरकार भाडे म्हणतच नाही, नुकसानभरपाई म्हणते. या मासिकाच्या वाचकांना हे सांगणे म्हणजे पंढरपुरात विठोबाची ओळख करून देणे होय.

आम्ही हैदराबादेहून प्रतिनियुक्तीवर दिल्लीस आलो, तेव्हा आमच्या मातोश्रींचे उपचार तिकडे चालू होते. त्यामुळे घरची मंडळी मागेच राहिली. दुप्पट भाड्याची मुदत संपत आली होती, वाढीव मुदतीचा अर्ज कोठेतरी पडून होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमच्या टेबलावर एक फाईल आली. विषय : लहान विमानतळांवर रात्रीच्या मुक्कामास राहणाऱ्या खाजगी जेट विमानांकडून काय आकारावे?

विमानतळांचे दर ठरविण्यास २००८ च्या कायद्याने एक स्वतंत्र नियामक प्राधिकरण आहे. परंतु ते मोठ्या विमानतळांपुरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर वर्षाकाठी पस्तीस लाखांहून अधिक उतारू असतील तर सामान्यतः तो विमानतळ मोठा. बाकीच्यांचे दर विमानतळ प्राधिकरणाने सुचवावयाचे आणि सरकारने मंजूर करावयाचे, असा १९९४ च्या कायद्याचा मार्ग आहे. सरकारने म्हणजे अर्थातच प्रथम कोणातरी कारकुनाने.

प्रचलित रीत अशी, की विमान उभे करण्याचे भाडे त्याच्या कमाल वजनाच्या टनांवर आणि तासांवर आकारतात. पहिले दोन तास माफ. शिवाय धावपट्टीवरून जागेपर्यंत येण्याचा पाव तास आणि परत जाण्याचा पाव तास सोडून देतात. हिशेबापुरता टनामागे तासाला पाच रुपये दर धरा. आठ टनांचे एक छोटेखानी जेट संध्याकाळी उतरले आणि साडेबारा तासांनी उडाले. अडीच तास वजा जाता उरले दहा. दहा गुणिले आठ गुणिले पाच : चारशे रुपये, वर कर. हा आकडा आम्ही तीनदा ताडून पाहिला. ज्या विमानाचा उडण्याचा खर्च तासाला लाखाच्या घरात, त्याच्या रात्रीच्या बिछान्याचे हे मोल! निजामुद्दीन स्टेशनाबाहेर दोन दिवस ठेवलेल्या आमच्या स्कूटरचे भाडे देताना आम्ही याहून अधिक कुरकुर केली आहे.

त्या स्कूटरवाल्याचीच गोष्ट आम्हांस प्रथम आठवली. तो स्कूटरचे वजन विचारीत नाही. वजनाने धावपट्टी झिजते, तेव्हा उतरण्याचे शुल्क वजनावर घेणे रास्त आहे. उभे राहिलेले विमान मात्र काही झिजवीत नाही. ते जागा अडविते. आठ टनांच्या जेटचे पंख टोकापासून टोकापर्यंत सोळा मीटर भरतात, सत्तर उतारूंच्या एटीआरचे सत्तावीस. अशी दोन जेटे शेजारीशेजारी उभी राहिली, की एटीआरला तेथे ठाव नाही. पंचेचाळीस टनांची जी बडी खाजगी विमाने असतात, त्यांचे पंख तर तीस मीटरांचे, आणि आत माणसे डझनभर.

इतके लिहून आम्ही थांबावयास हवे होते. पण खोटे कशास बोलावे, लेखणी शिवशिवत होती. घरून फोन आला होता, की "अहो, मुदतवाढीचे काही कळले का? आई रोज विचारतात." त्या तिरीमिरीत आम्ही कोष्टक आखले : पहिली रात्र दुप्पट, दुसरी चौपट, तिसऱ्या रात्रीपासून दहापट. श्रीमंतांच्या मुक्कामास शिस्त लावल्याच्या समाधानात त्या दिवशी आम्ही डबा चवीने खाल्ला. हे कोष्टक आम्ही कोठून उचलले, ते मात्र तेव्हा ध्यानात आले नाही.

टिप्पणी वर जाण्यापूर्वी साहेबांबरोबर उदयपूरला जाण्याचा योग आला. लग्नसराईचे दिवस. सरोवराकाठच्या महालांत विवाह लावण्याची हौस असलेले लोक तेथे विमाने घेऊन येतात. २०२४ च्या मार्चमध्ये जामनगरास एका उद्योगपतींच्या घरच्या सोहळ्यासाठी त्या विमानतळास दहा दिवस आंतरराष्ट्रीय दर्जा द्यावा लागला होता; त्या मानाने हे काहीच नव्हे. तरी संध्याकाळी सारी फरसबंदी भरून गेलेली आम्ही पाहिली. जागा संपली, की विमान उतारू उतरवून रिकामेच दुसऱ्या गावी मुक्कामास जाते आणि सकाळी परत येते. मुंबईत तर हा नित्याचा प्रकार आहे.

तेथील व्यवस्था पाहणारे एक गृहस्थ साताऱ्याकडचे निघाले. परमुलखात मराठी माणूस भेटला, की चहा आपोआप येतो, तसा तो आला. आम्ही कौतुकाने आमचे कोष्टक त्यांना ऐकविले. ते जरा वेळ गप्प राहिले. मग कडेच्या एका पांढऱ्या विमानाकडे बोट करून म्हणाले, "त्याची आज चौथी रात्र आहे साहेब."

"लग्न इतके दिवस?"

"लग्न कसले! मालकाचे वडील इथल्या इस्पितळात आहेत. दिल्लीला न्यायला विमान आणले. डॉक्टर रोज म्हणतात, उद्या बघू. वैमानिक सकाळी तयार होऊन येतो आणि दुपारी परत जातो."

आम्ही मनातल्या मनात गुणाकार केला. दिवसाचे चोवीस तास, आठ टन, पाच रुपये : नऊशे साठ. दहापट म्हणजे नऊ हजार सहाशे. त्या धनिकास या रकमेचे काय? काहीच नाही. त्याची कीव करण्याचे कारण नव्हते आणि आम्ही ती केलीही नाही. परंतु 'तिसऱ्या रात्रीपासून' हे आमच्याच अक्षरातले शब्द आम्हांस एकाएकी ओळखीचे वाटू लागले. तसेच एक पत्र हैदराबादेत आमच्या पत्त्यावर येऊ घातले होते.

परतल्यावर आम्ही कोष्टक खोडले. विमान किती रात्री राहिले यावरून त्याचा दोष ठरत नाही; दुसऱ्या कोणास त्याची जागा हवी होती का, एवढाच प्रश्न आहे. आषाढात ती फरसबंदी रिकामी पडलेली असताना चौथ्या रात्रीने कोणाचे काय बिघडते? आणि लग्नसराईत पहिल्या रात्रीनेही बिघडतेच. म्हणून पंखांच्या मापाने जागेचे भाडे घ्यावे, गर्दीच्या दिवसांत ते चांगले चढे असावे आणि आधी जाहीर करावे. वैमानिक शिकविणाऱ्या संस्थांची एका टनाची विमाने आणि रुग्णवाहक विमाने यांतून वगळावीत. चढा दर फार चढवू नये. शेजारच्या गावी रिकामे जाऊन येण्याचा खर्च ही त्याची वरची मर्यादा. त्यापलीकडे गेल्यास भाडेही बुडते आणि इंधनही जळते. नियमित वाहतूक करणाऱ्या देशी कंपन्यांना, राज्याने इंधनावरील कर पाच टक्क्यांखाली आणल्यास, रात्री दहा ते सकाळी सहापर्यंतचे भाडे माफ करण्याची तरतूद अनेक दरपत्रकांत आहे; तिला आम्ही हात लावला नाही. साहेबांनी टिप्पणी वाचली, चश्मा काढला, पुन्हा लावला आणि सही केली. वरून ती "चर्चा करावी" एवढ्या दोन शब्दांनिशी परत आली आहे.

ही टिप्पणी लिहिताना एक गोष्ट मात्र आमच्या अंगाशी आली. दुसऱ्या कोणास जागा हवी आहे का, हाच जर प्रश्न, तर हैदराबादेत आमच्या क्वार्टरसाठी रांग होती हे आम्हांस पक्के ठाऊक होते. आम्हीही कधी काळी तिच्यात अडीच वर्षे काढली होती. मुदतवाढीच्या अर्जाची आठवण देणारे पत्र लिहून तयार होते. ते आम्ही पाठविले नाही. इस्पितळाजवळ दोन खोल्या मिळाल्या. भाडे दुप्पट दराच्याही कितीतरी वर गेले. त्यावरून घरात जे बोलणे झाले ते येथे लिहिण्याजोगे नाही. आई मात्र एवढेच म्हणाली, "तुळस कुंडीसकट न्या."

महिनाअखेरीस आम्ही रजा काढून गेलो आणि किल्ली दिली. घर मिळालेले जोडपे जिन्यातच उभे होते. बाईंच्या कडेवर तान्हे मूल होते. मोरीतला नळ डावीकडे पिळला तरच बंद होतो, हे आम्ही त्यांना दोनदा करून दाखविले.