पासष्ट सीसी

2018 च्या उन्हाळी सुट्टीत धाकट्या बहिणीकडे टेक्सासला गेले असताना भाच्याची मोटोक्रॉस शर्यत पाहण्याचा योग आला. भाचा नऊ वर्षांचा. गाडी कावासाकी केएक्स 65. दिवा नाही, आरसा नाही, हॉर्न नाही. वजन साठेक किलो, म्हणजे स्वाराच्या दुपटीहून अधिक.

मेहुणे पेट्रोलमध्ये तेल मोजून घालत होते. प्रमाण 32 ला 1. पाच लिटरला साधारण 156 मिलिलिटर. गाडी सुरू झाली आणि त्या निळसर धुराच्या वासाने मला थेट वडिलांच्या लूनापाशी नेऊन सोडले. तीही टू-स्ट्रोकच. शाळा, दळण, दवाखाना, सारे तिच्यावर. मी चालवायला मागितली की वडिलांचे एकच उत्तर असे : "पडशील." त्या शब्दात मायाच होती. मात्र आजतागायत मला कोणतेही वाहन चालवता येत नाही.

टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या एकदा खाली-वर झाला की एक स्फोट होतो. झडपांचा पसारा नसल्याने ते हलके असते आणि तितकेच लहरीही. कमी फेऱ्यांवर मरगळलेले. एका टप्प्यानंतर मात्र एकाएकी उसळते. त्या टप्प्यात त्याला धरून ठेवायचे तर हाताने क्लच आणि पायाने सहा गिअर सांभाळावे लागतात. भाच्याच्या आधीच्या 50 सीसीच्या गाडीत क्लच आपोआप लागे. पासष्टवर आल्यावर ती जबाबदारी त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर आली होती.

तिसऱ्या फेरीत वळणावर तो पडला. मी दोरीकडे धावले. बहिणीने मनगट धरले. "ताई, थांब. आपण आत जायचं नाही." तिची नखे माझ्या मनगटात रुतली होती. वळणावरचा माणूस पिवळा झेंडा हलवू लागला : वेग कमी करा, पुढे काढू नका. भाच्याने गाडी उभी केली. सेल्फ-स्टार्टर नाहीच, किक मारणे भाग. एक. दोन. तिसऱ्या किकला धूर निघाला.

तो शेवटून दुसरा आला. हेल्मेट काढताच मी विचारले, "लागलं का रे?"

"मावशी, मी क्लच लवकर सोडला."

माझ्या प्रश्नाचे हे उत्तर नव्हते. पडण्याचे कारण त्याला सापडले होते आणि त्याच्या दृष्टीने तेवढेच सांगण्याजोगे होते.

तोंडी परीक्षेत विद्यार्थी अडखळला की पुढचा शब्द पुरवण्याची मला जुनी सवय. ती मी आजवर सहृदयता समजत आले. परतीच्या विमानात मात्र वाटून गेले, वडिलांचे 'पडशील' मी वर्गात इतकी वर्षे निराळ्या शब्दांत म्हणत तर नव्हते?

भाचा केव्हाच मोठा झाला, ती गाडी दुसऱ्या कुणा मुलाकडे गेली. विद्यार्थी अडखळला की अजूनही शब्द माझ्या ओठांवर येतोच. मग मी मनात तीन किका मोजते. बहुतेकदा तिसरीची गरज पडत नाही.