बाटली हलवलीस का?

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. माझा धाकटा भाऊ छोटू चौथीत होता आणि त्याला फिट्स यायच्या. आजी म्हणायची, दृष्ट लागली. शेजारच्या काकू कांदा घेऊन धावत यायच्या. बाबांनी मात्र त्याला सरळ मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी त्याचं वजन करून फेनिटॉइन नावाचं पातळ औषध लिहून दिलं. सकाळी 10 मिलिलिटर, रात्री 10 मिलिलिटर.

आई-बाबा दोघंही नोकरीवाले. त्यामुळे औषध द्यायचं काम माझ्याकडे आलं. मला काय अभिमान वाटला म्हणून सांगू! मापाचं झाकण डोळ्यांसमोर धरून मी अगदी रेघेपर्यंत औषध ओतायचे. बाटली हलली की फेस येतो नि माप चुकतं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं. म्हणून मी ती काठोकाठ भरलेल्या दुधाच्या पेल्यासारखी अलगद उचलायचे.

200 मिलिलिटरची बाटली दहा दिवस पुरायची. गंमत म्हणजे, नवी बाटली उघडली की दोन-तीन दिवसांत छोटूला फिट यायची. आणि बाटली तळाला गेली की तो झोपाळल्यासारखा करायचा, चालताना झोकांड्या खायचा. एकदा म्हणाला, "ताई, फळ्यावरचं एक अक्षर मला दोन दिसतंय."

"डोस थोडा वाढवून बघू या का?" बाबांनी विचारलं.

"डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक थेंबही नाही," आई म्हणाली. किती बरं झालं!

कॅलेंडरवर मी फिट आली की लाल खूण करायचे, झोकांडी गेली की निळी. डॉक्टरांनी ते कॅलेंडर नीट पाहिलं आणि मला विचारलं, "बाळ, औषध देण्याआधी बाटली हलवतेस का?"

"छे! मुळीच नाही!" मी ऐटीत म्हणाले.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. हे औषध पाण्यात विरघळत नाही, त्याचे बारीक कण नुसते तरंगतात. बाटली स्थिर राहिली की ते खाली बसतात. म्हणजे सुरुवातीला छोटूच्या पोटात औषध कमी जात होतं आणि शेवटी भलतंच जास्त. शिवाय आपलं यकृत फेनिटॉइनचा निचरा एका मर्यादेपर्यंतच करू शकतं. त्यापुढे डोस जरासा वाढला, तरी रक्तातलं औषध खूप वाढतं. रक्त तपासलं, तर खरोखरच ते प्रमाणाबाहेर निघालं.

मला रडूच फुटलं. माझ्या हाताने मी भावाला त्रास दिला होता! डॉक्टर म्हणाले, "अगं, तुझ्या खुणांमुळेच तर हे कळलं."

मग मी नवे नियम शिकले. आधी बाटली चांगली हलवायची, फेस बसू द्यायचा, मग मापायचं. घरातला चमचा वापरायचा नाही. डोस राहिला तर आठवताच द्यायचा, पण पुढची वेळ जवळ आली असेल तर राहिलेला सोडून द्यायचा. दुप्पट कधीच नाही. आणि बरं वाटतंय म्हणून औषध एकाएकी बंद तर मुळीच नाही, कारण मग फिट्स लागोपाठ येऊ शकतात. फिट आली तर कांदा नको, तोंडात चमचा नको. कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना गाठायचा.

त्यानंतर छोटूच्या फिट्स हळूहळू थांबल्या. दोन वर्षांहून अधिक काळ एकही आली नाही, तेव्हा डॉक्टरांनीच औषध थोडं थोडं कमी करत काही महिन्यांनी बंद केलं.

आता तो माझ्यापेक्षा उंच झालाय. पण मी साधी खोकल्याच्या औषधाची बाटली हातात घेतली, तरी आतल्या खोलीतून ओरडतो, "ताई, हलवलीस का?"