लंगोट कोणी धुवावा?

तान्ह्या मुलाला लंगोट कशाचा बांधावा हा प्रश्न घरातला, आणि घरातही बायकांच्या वाट्याचा मानला गेल्यामुळे, गंभीर चिंतनाचा विषय म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते. वास्तविक मूल जन्मल्यापासून त्याला शी-शूची जाण येईपर्यंतच्या दोन-अडीच वर्षांत जे काही भिजते व मळते, ते कोणाच्या हाताने उचलले जाते, कोणत्या पाण्याने धुतले जाते आणि न धुता टाकले गेले तर कोठे जाऊन पडते, या तीन प्रश्नांत पाणी, कचरा, श्रम आणि आरोग्य या चारही गोष्टी एकत्र येतात. गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मांद्रे या गावाच्या संदर्भात हा विचार करण्यास एक विशेष कारण आहे. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला समांतर वाहत जाऊन त्याला मिळणारा प्रवाह आणि पूर्वेला जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे माथ्यावर सपाट असलेले उघडे पठार, अशा भूभागात वसलेल्या या गावात धुण्याचे पाणी काय किंवा टाकलेला कचरा काय, माणसाच्या नजरेपासून फार लांब जाऊच शकत नाही.

गोमंतकातील आणि एकूणच कोकणातील घरांत तान्ह्या मुलाच्या वस्त्रांची रीत जुन्या सुती कापडावर उभी होती. आजीचे जीर्ण लुगडे किंवा आजोबांचे विरलेले धोतर फाडून त्याचे चौकोन केले जात. त्यांतले काही त्रिकोणी दुमडून लंगोट म्हणून बांधले जात, काही बाळोती म्हणून अंगाखाली पसरले जात, आणि मोठे तुकडे एकावर एक शिवून त्यांची दुपटी होत. जुनेच कापड घेण्यामागे काटकसर होती, तसे वस्त्राच्या गुणधर्माचे एक कारणही होते. विणताना धागा तुटू नये म्हणून त्याला खळ, म्हणजे पिठाची पेज, दिलेली असते, आणि कापसाच्या तंतूवर मुळातच मेणासारखा पातळ थर असतो. हे दोन्ही पुन्हा पुन्हा धुण्याने निघून गेल्याशिवाय कापड नीट पाणी शोषत नाही आणि मऊही पडत नाही. त्यामुळे वर्षानुवर्षे नेसलेले लुगडे या कामासाठी दुकानातील नव्या कापडापेक्षा सरस ठरत असे. शिवाय झोपेतून उठल्यावर किंवा दूध पाजल्यावर मुलाला दोन्ही पायांवर बसवून तोंडाने शू-शू असा आवाज काढत विधी उरकवून घेण्याची सवय घरोघरी होती, मूल बराच वेळ उघडेच असे, आणि लंगोट हा हुकलेल्या वेळेपुरता उपाय होता. कापडी लंगोटाची आजची चर्चा बहुधा कापडापाशीच थांबते; पण मुलाकडे सतत लक्ष असणाऱ्या माणसांचा वावर हा त्या पद्धतीचा कापडाइतकाच आवश्यक भाग होता.

या रीतीचे गोडवे गाताना ती कोणाच्या कष्टावर चालत होती याचा विसर पडू देणे प्रामाणिकपणाचे नाही. बाळंतपणानंतरचे सोयर, म्हणजे जन्मामुळे पाळले जाणारे अशौच, फिटेपर्यंत बाळंतिणीचे व बाळाचे कपडे घरातल्या इतरांनी न धुता मडवळांकडे, म्हणजे परंपरेने धुण्याचे काम करणाऱ्या जातीकडे, सोपवण्याची रीत अनेक ठिकाणी होती. सोयर फिटल्यावर तेच धुणे सासू, नणंद, मोठी मुलगी किंवा स्वतः बाळंतीण यांच्याकडे येई, आणि विहिरीचे पाणी शेंदून, राख किंवा रिठे लावून, ओणव्याने ते करावे लागे. पावसाळ्यात तर कापड वाळवणे हेच धुण्याहून मोठे काम होऊन बसे आणि उपड्या टोपलीखाली निखारे ठेवून तिच्यावर लंगोट सुकवावे लागत. घरातल्या पुरुषाचा हात या साखळीत बहुतेक कोठेच लागत नसे. घाण हाताळण्याचे काम जातीच्या आणि लिंगाच्या उतरंडीवरून खाली सरकवण्याची ही व्यवस्था होती, आणि ती निसर्गाला सोसत होती एवढ्याने न्याय्य ठरत नाही.

एकदाच वापरून टाकायच्या डायपरचे आकर्षण या पार्श्वभूमीवर समजून घेतले पाहिजे. अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन यांनी कापडी लंगोटावरून घालायच्या जलरोधक आवरणाचे पेटंट 1951 मध्ये मिळवले, आणि प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीने 1961 मध्ये पॅम्पर्स बाजारात आणले. सुरुवातीच्या डायपरमध्ये कागदाच्या लगद्याचे थर असत आणि ते जाडजूड होत. 1980 च्या दशकात त्यांत अतिशोषक बहुवारिकाची, म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट या द्रव्याच्या बारीक कणांची, भर पडली आणि त्यांचे रूप पालटले. हे कण स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी धरू शकतात. लघवीत क्षार असल्याने तेथे हे प्रमाण साधारण 30 ते 50 पटींवर येते, तरीही ओलावा जेलीच्या रूपात आत कोंडला जातो आणि मुलाची त्वचा कोरडी राहते. मऊ वाटणारा आतला पापुद्रा पॉलिप्रॉपिलीनचा व बाहेरचा बहुधा पॉलिइथिलीनचा असतो, म्हणजे दोन्ही प्लास्टिकच. झाडाचा लगदा, प्लास्टिक आणि रासायनिक जेली यांची ही एकजीव गुंफण पुन्हा सुटी करणे अतिशय अवघड आणि महाग असते, आणि वापरलेल्या डायपरचा सगळा पेच येथूनच सुरू होतो.

रोज 5 डायपर धरले तर दोन वर्षांत एका मुलामागे 3,650 डायपर होतात, आणि त्यांतला प्रत्येक डायपर घरातून बाहेर पडताना विष्ठा व लघवी सोबत घेऊन जातो. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी डायपरची गणना स्वच्छताविषयक कचऱ्यात केली, उत्पादकांनी ते गुंडाळण्यासाठी पिशवी पुरवावी असे सांगितले, आणि असे गुंडाळलेले डायपर सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकावेत अशी तरतूद केली होती. सुका कचरा हा हातांनी निवडला जातो ही गोष्ट लक्षात घेतली म्हणजे या तरतुदीचा अर्थ उघड होतो. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेला अशा पुडक्यांवर लाल ठिपका काढण्याचे आवाहन नागरिकांना करावे लागले, ते आतमध्ये काय आहे हे निवडणाऱ्याला उघडण्याआधी कळावे म्हणून. गोव्यात साळगावचा घनकचरा प्रकल्प 2016 मध्ये सुरू झाला. तेथे ओल्या कचऱ्यापासून जैववायू व वीज तयार होते, तर सुक्यातील पुनर्वापरास अयोग्य भाग गठ्ठे बांधून कर्नाटकातील सिमेंट कारखान्यांकडे इंधन म्हणून पाठवण्याची पद्धत राज्याने स्वीकारली आहे. डायपर यांपैकी कोणत्याही वाटेला नीट लागत नाही: प्लास्टिकमुळे तो कुजत नाही, आणि आत कोंडलेल्या पाण्यामुळे तो धड जळतही नाही. पर्यटनाच्या हंगामात गेस्टहाउस आणि भाड्याच्या खोल्या यांची भर पडणाऱ्या किनारी पंचायतीला तर हा भार गावच्या जन्मसंख्येच्या हिशेबाने मोजताच येत नाही. मोरजी-मांद्र्याच्या ज्या वाळूत ऑलिव्ह रिडले जातीची सागरी कासवे अंडी घालायला येतात, तिच्या लगत उघड्यावर साचलेल्या प्लास्टिकला पाऊस आणि भरती दोन्ही आयते मिळतात.

तरीसुद्धा कापड नेहमीच पर्यावरणाला हितकारक असते, हे विधान जसेच्या तसे मान्य करता येत नाही. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या जीवनचक्र अभ्यासात, म्हणजे वस्तूच्या कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंतच्या सगळ्या परिणामांच्या मोजणीत, अडीच वर्षांच्या डायपरमागे सुमारे 550 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन निघाले आणि कापडी लंगोटांमागे सरासरी 570 किलो, म्हणजे थोडे जास्तच. मात्र याच अभ्यासाने दाखवले की यंत्र पूर्ण भरून धुतले, दोरीवर वाळवले आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलालाही वापरले, तर कापडाचा आकडा सुमारे 200 किलोंनी खाली येतो. उलट अतिशय गरम पाण्यात धुऊन विजेच्या यंत्रात वाळवले, तर तो 420 किलोंनी वर जातो. त्याच देशात 2023 मध्ये झालेल्या नव्या मोजणीत कापडी लंगोटांचा तापमानवाढीतील वाटा सुमारे 25 टक्क्यांनी कमी आढळला. याचा निष्कर्ष असा की, कापडाचा गुण कापडात कमी आणि ते धुण्या-वाळवण्याच्या पद्धतीत अधिक असतो. मांद्र्याच्या अंगणात थंड पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेल्या लंगोटाची बाजू या हिशेबात भक्कम आहे, कारण ब्रिटनमध्ये जी ऊर्जा विकत घ्यावी लागते ती येथे वर्षातले निम्म्याहून अधिक महिने उन्हातून फुकट मिळते. मात्र दुसऱ्या मुलाच्या अटीवर येथेही विचार करावा लागतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत गोव्याचा प्रजनन दर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, 1.3 इतका खाली आलेला दिसतो. अनेक घरांत दुसरे मूल नसेलच, तेव्हा लंगोटांचे दुसरे आयुष्य नात्यात आणि शेजारात शोधावे लागेल, आणि मळलेल्या कापडाविषयीचा संकोच तेथे आड येईल.

पाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. गोव्यात वर्षाला सरासरी 3,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तरी पेडणे तालुक्यातील नळांचा भरवसा चांदेलचा जलशुद्धीकरण प्रकल्प आणि तिळारी धरणाचे कालव्याने येणारे पाणी यांवर असल्याने उन्हाळ्यात आणि कालवा बंद पडतो तेव्हा टंचाई जाणवते. जांभा दगड सच्छिद्र असतो. सड्यावर मुरलेले पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली येते आणि पायथ्याच्या झऱ्यांना व विहिरींना मिळते. हाच सच्छिद्रपणा विहिरीच्या काठी धुतलेल्या बाळोत्यातील विष्ठेचे जंतू, तसेच परसात पुरलेल्या डायपरमधील झिरप, पुन्हा पिण्याच्या पाण्यापर्यंत नेऊ शकतो. म्हणून विष्ठा आधी शौचकूपात टाकणे, तिचे पहिले पाणीही तेथेच ओतणे आणि त्यानंतरच लंगोट धुणे हा क्रम कापड वापरणाऱ्या घरासाठी अपरिहार्य ठरतो. विशेष म्हणजे डायपर वापरणाऱ्या घरानेही विष्ठा शौचकूपातच झाडून टाकायला हवी. तेवढे केले जात नाही तोवर कचरा निवडणाऱ्याच्या हाताला मलाचा स्पर्श होत राहणार.

आरोग्याच्या बाजूने पाहता दोन्ही पक्षांना आपापली मर्यादा कबूल करावी लागते. जांघेत उठणारा लालसर पुरळ ओलावा, घर्षण आणि मूत्र-विष्ठेच्या संयोगाने वाढणारा क्षारधर्म यांमुळे होतो. वाढलेला क्षारधर्म विष्ठेतील विकरांना, म्हणजे पचनासाठी असलेल्या रासायनिक घटकांना, अधिक तीव्र करतो आणि त्वचा झिजते. चांगला डायपर ओलावा दूर ठेवतो हे खरे, पण तो कोरडा भासतो म्हणूनच तासन्‌तास बदलला जात नाही. ओला लंगोट उलट लगेच जाणवतो, मूल रडते, आणि कोणीतरी उठते. हे उठणे झाले नाही तर कापड डायपरपेक्षा अधिक त्रासदायक ठरते. बाजारात मिळणारे बटणांचे आधुनिक कापडी डायपर या दोहोंच्या मधला मार्ग म्हणून विकले जातात, परंतु त्यांचे बाह्य आवरण बहुधा पॉलियुरेथेनचा पापुद्रा चढवलेल्या पॉलिएस्टरचे असते आणि आतली घडीही पुष्कळदा कृत्रिम धाग्याची असते. कापडी या नावाने ते विकत घेणाऱ्याने हे ध्यानात ठेवणे इष्ट. त्यांना कपडे मऊ करणारे द्रव लावू नये, कारण त्याचा तेलकट थर शोषणशक्ती मारतो, आणि त्यांची आतली घडी शक्यतो उन्हात वाळवावी, कारण सूर्यप्रकाशाने जंतूही कमी होतात आणि डागही फिके पडतात.

मग मांद्र्यातल्या एखाद्या तरुण जोडप्याने काय निवडावे? पर्यटनाच्या हंगामात दोघेही कामावर असणाऱ्या, सासू-सासरे जवळ नसलेल्या घरावर कापडाचा आग्रह लादणे म्हणजे पर्यावरणाच्या नावाखाली एका स्त्रीच्या दिवसातले तास हिरावून घेणे होय. ऑक्टोबर ते मे या उघडिपीच्या महिन्यांत घरी असताना जुने सुती कापड, आणि संततधारेच्या दिवसांत, रात्री किंवा प्रवासात डायपर, असा मिश्र व्यवहार विवेकाला धरून आहे. अर्धे डायपर वाचले तरी एका मुलामागे अठराशेहून अधिक पुडकी कमी होतात, आणि एका डायपरला 10 रुपये धरले तर 18,000 रुपयांहून अधिक वाचतात. त्याचबरोबर उत्पादकाने नियमाप्रमाणे पिशवी द्यावी, पंचायतीने हा कचरा वेगळा उचलावा, आणि तो उचलणाऱ्या माणसाला हातमोजे व योग्य मोबदला मिळावा, या मागण्या घराच्या निवडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

या सगळ्या विवेचनातून हाती येणारा निकष साधा आहे. बाळाची घाण कोणत्याही पद्धतीत नाहीशी होत नाही, ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते. डायपर ती कचरा निवडणाऱ्या अनोळखी माणसाकडे पाठवतो, आणि पूर्वीची रीत ती मडवळाकडे किंवा सुनेकडे पाठवत होती. म्हणून कापडाच्या निवडीला नैतिक अर्थ यायचा असेल, तर तो निवडणाऱ्याने स्वतः धुतल्यानेच येईल, आणि त्यात बापाचा वाटा आईएवढाच असायला हवा. ज्या घरात लंगोट ठरवणारा एक आणि धुणारी दुसरी, त्या घराने कापड जरूर घेतले असेल, पण आपला भार न पाहता दुसऱ्यावर टाकण्याची डायपरची रीत त्याने सोडलेली नसते.